मेरव्याची हरकत

खंडसंघाच्या सभागृहातलं टेबल त्या सकाळी नऊ वाजल्यापासून लांबत होतं. कोणी एखाद्या शब्दाला दुरुस्ती सुचवली की ते आणखी दहा-वीस हात पुढे सरके आणि पलीकडच्या टोकाला बसलेले अध्यक्ष तेवढेच बारीक दिसत. त्याचं कोणाला नवल नव्हतं. चर्चा सखोल चालली आहे, असं समजायची तिथे पद्धत होती.

प्रत्येक सभासद देशाच्या खुर्चीमागे एक दार होतं आणि दारामागे तो तो देश होता. सोमेरच्या दारातून ओल्या गव्हाचा वास येई. काश्विनच्या दारामागे खाणीतले सुरुंग उडत, तेव्हा टेबलावरचे पेले किणकिणत. टेबलाच्या या टोकाचं शेवटचं दार मेरव्याचं. ते इतकं बुटकं, की वाकल्याशिवाय आत बघता येत नसे. मेरव्याचा प्रतिनिधी घरचं सामान माळ्यावर चढवायला म्हणून आत गेला होता, तो बाहेर आलाच नाही. म्हणून आज त्या दारात शाळेतली बाई उभी होती. तिचं नाव शरयू. मेरव्यात दिलेली, संघाच्या नोकरीतल्या उमरेडकरांची एकुलती एक मुलगी.

ठराव एवढाच होता की खंडाला एक सामायिक जलाशय हवा आणि तो मेरव्यात व्हावा. संघात सगळं एकमतानं चाले. एका देशानं जरी नाही म्हटलं तरी ठराव पडे. मात्र ते नाही कागदावर लिहून बाराच्या टोल्याआधी अध्यक्षांच्या हाती पडायला हवं. नाही पडलं, तर होकार धरत. ठराव अजून व्हायचा होता, पण पूर्वतयारी म्हणून पाणी सोडून झालं होतं. हरकतींचे कागद पोचवण्याचं काम तीस वर्षं त्र्यंबक उमरेडकरांकडे होतं.

"बाबा, हे घ्या," शरयूनं चिठ्ठी पुढे केली. 'मेरवा बुडवू नका. आमचा विरोध आहे.' तिचं अक्षर लहानपणापासून तसंच होतं, उतरतं.

"कुठवर आलंय?"

"शाळेच्या तिसऱ्या पायरीला. पोरं बाकांवर उभी केलीत. तुम्ही वाटेत थांबू नका."

"थांबावं लागतं गं. प्रत्येकाच्या नजरेखालून कागद जायला हवा. नियम आहे तसा."

"कोणी केला?"

तो उमरेडकरांनीच केला होता. 'कोणाचेही म्हणणे कोणाच्या नजरेआड जाऊ नये.' एका बैठकीत लिहिलेलं वाक्य. तेव्हाचे अध्यक्ष चारचौघांत म्हणाले होते, काय सुंदर लिहिलंय हो. चारचौघांत उमरेडकरांना कोणी चांगलं म्हटल्याची आयुष्यातली ती एकच वेळ.

"मग नुसतं दाखवा," शरयू म्हणाली. "हातात देऊ नका."

सोमेरच्या बाईंनी कागद हातात घेतला. "आम्ही मनानं तुमच्याच बाजूचे आहोत, उमरेडकर. म्हणून सांगते. हे 'नका' जरा टोचतं. 'बुडवू नये अशी विनंती' करा ना."

उमरेडकरांनी पेन काढून सुधारलं, तेव्हा बाईंनी खाली सही केली. टेबल लांबलं.

काश्विनच्या गृहस्थांनी चष्मा वर सरकवला. "बुडवणं हा शब्द आपल्या शब्दसूचीत नाही. कागदच बाद होईल. 'पाण्याची उपलब्धता वाढणे' लिहा. मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय."

उमरेडकरांनी तेही लिहिलं. वाक्य आता वाचायला अधिक चांगलं झालं होतं, हे त्यांना नाकारता येईना, आणि त्याची त्यांना लाज वाटली. मागे वळून पाहिलं तर मेरव्याचं दार काड्यापेटीएवढं झालं होतं. त्यात शरयू होती. तिचं लुगडं कमरेपर्यंत गडद झालं होतं.

शेजारून चहाची गाडी ढकलत चंद्रकलाबाई आल्या. त्या वऱ्हाडाकडच्या. टेबल कितीही लांबलं तरी त्यांचा चहा गरम पोचे. त्यांना नियम लागू नव्हते.

"साहेब, तुमची चिठ्ठी म्हंजे नवरदेवाचा घोडा झाला. ज्याच्या त्याच्या दारापुढं थांबून रायला. द्या इकडं, बशीखाली ठेवतो अन् नेऊन देतो. कोन पायते?"

"तसं चालत नाही, बाई."

"पोरगी तुमचीच हाय ना थे?"

"हो."

"मंग?"

पण समजा अध्यक्षांनी विचारलं, यावर बाकीच्यांच्या सह्या कुठे आहेत? समजा त्यावरूनच हरकत फेटाळली? तेव्हा शरयूला काय तोंड दाखवायचं? उमरेडकरांनी चिठ्ठी छातीशी धरली. चंद्रकलाबाई गाडी ढकलत गेल्या आणि बघता बघता अध्यक्षांच्या कपात चहा ओतताना दिसल्या.

शेवटची खुर्ची तुरेनची. तुरेनचे म्हातारे प्रतिनिधी झोपले होते. सार्वभौम देशाला हलवून उठवायचं नसतं. उमरेडकर उभे राहिले. घड्याळात बाराला अकरा मिनिटं होती, मग सहा, मग दोन. ते एकदा हळूच खोकले. म्हाताऱ्यांनी डोळे उघडले, कागद वाचला आणि फार प्रेमानं हसले.

"आपण सगळे मित्र. मित्रांत विरोध कसला? आभार लिही, बाबा. आभाराला कोणी नाही म्हणत नाही."

टोल्याच्या आत चिठ्ठी अध्यक्षांच्या हातात पडली. सगळ्या सह्या होत्या. त्यांनी ती मोठ्यानं वाचली: "मेरव्यातील पाण्याची उपलब्धता वाढत असल्याबद्दल मेरवा सर्व मित्रदेशांचे मनःपूर्वक आभार मानतो." सभासदांनी बोटांनी टेबल वाजवलं. कोणीतरी म्हणालं, सुरेख मसुदा आहे. घड्याळाचे बारा टोले पडले.

टेबल पूर्ववत झालं. या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजून आठ पावलं.

"उमरेडकर, तेवढं दार लावून घ्या," अध्यक्ष म्हणाले. "गालिचा भिजतोय."

ते आठ पावलं चालले आणि वाकले. चौकटीत पाणी उभं होतं, हिरवट, काचेसारखं सरळ. आत कोणी दिसत नव्हतं. त्यांनी दार ओढून कडी घातली. तेवढ्यात कुलपाच्या भोकातून पाण्याची बारीक धार निघाली आणि त्यांच्या सदऱ्यावर लागली.

"पुढचा विषय," अध्यक्ष म्हणाले.

उमरेडकरांनी भोकावर अंगठा दाबून धरला. धार थांबली. मग पलीकडून कोणीतरी त्याच भोकावर बोट ठेवलं. बोट गरम होतं आणि ते सावकाश, न थांबता, अंगठ्याला बाहेर ढकलत होतं. उमरेडकरांनी दुसरा अंगठाही त्यावर ठेवला.