आगबोटीवरचं गाळलेलं पान

शकुंतलेची आजी हिराबाई आया म्हणून रेल्वेच्या एका साहेबाच्या कुटुंबाबरोबर हुबळीहून विलायतेला जाऊन आली होती. परतल्यावर, १९२३ साली, तिनं त्या प्रवासावर पुस्तक लिहून छापलं. पुढं ते सगळे विसरले. घरात उरलेली एकमेव प्रत शकुंतलेनं धारवाडच्या एका साहित्य मंडळाला नव्या आवृत्तीसाठी दिली. ती स्वतः नवनगरला शाळेत शिकवायची.

२००३ साली प्रकाशन झालं. भाऊ धम्मानंदबरोबर ती पुढच्याच रांगेत बसली होती. पुस्तक हातात आलं, पण मुखपृष्ठावर आजीचं नाव नव्हतं. ‘अज्ञात प्रवासी’, एवढंच. प्रस्तावनेत लिहिलं होतं, एका आयेला अशी मराठी साधणं संभवत नाही. कुण्या सुशिक्षित गृहस्थानं तिच्या नावानं लिहिलं असावं. पानं चाळताना आतलं एक पानही गाळलेलं दिसलं.

संपादक यशवंतराव भाषण करून खाली उतरले तशी ती समोर उभी राहिली.

“सर, आजीचं नाव कुणी काढलं?”

“संशोधनाचा प्रश्न आहे बाई. भाषेवरून कळतं.”

“मला अक्षरं तिनंच गिरवायला शिकवली. तुम्ही एकदा तरी घरी येऊन विचारलंत?”

यशवंतरावांनी चष्मा पुसला.

“आणि आगबोटीवर आपल्याच मराठी नोकरांनी तिला जेवताना पंगतीतून उठवलं, ते पान कुठंय?”

“ते विषयांतर होतं. प्रवासवर्णनात शोभत नाही.”

“प्रवासातच घडलं ना ते?”

धम्मानंदनं तिचा दंड धरला. “होगली बिडु अक्का, जाऊ दे.”

“आजीनं जाऊ दिलं असतं तर लिहिलंच नसतं,” ती म्हणाली. टेबलावर मांडून ठेवलेली आजीची जुनी प्रत उचलून ती व्यासपीठावर चढली आणि माईकवर ते पान वाचू लागली. अध्यक्ष उठून गेले, मागोमाग निम्मे लोक. उरलेल्यांसाठी तिनं शेवटपर्यंत वाचलं.

आठवड्यानं मंडळानं निरोप पाठवला, नावाची चिठ्ठी चिकटवून देतो. तिनं नको म्हणून कळवलं. हुबळीच्या गोकुळ रोडवरच्या छापखान्यात भावंडांनी पुस्तक नव्यानं छापून घेतलं, हिराबाईच्या नावानं, त्या पानासकट.

पहिली प्रत घेऊन ती धारवाडच्या ग्रंथालयात गेली.

“हे आहे आमच्याकडे,” ग्रंथपाल म्हणाले.

“ते वेगळं,” शकुंतला म्हणाली आणि प्रत त्यांच्या टेबलावर ठेवली. “हे माझ्या आजीचं.”