दारातल्या चपला

मुलगा शार्दूल आणि सून यामिनी बुडापेस्टला उडाले आणि टेक्सासमधल्या फ्रिस्कोच्या त्या भल्यामोठ्या घरात त्र्यंबकराव एकटेच उरले. तिथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर मात्र मुलानं ठोकून दिलं होतं, 'बाबांसकट सहकुटुंब युरोप!' नागपूरहून आणलेल्या म्हाताऱ्याला मागे टाकून गेले असं कळलं असतं तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. मुलाला लाज नव्हती असं नाही. होती, पण ती फक्त लोकांची.

जाताना सुनेनं बजावलं होतं, पुढचे पडदे उघडू नका, बेल वाजली तर हूं की चूं करू नका. शार्दूलनं त्यांच्या चपला दारातून उचलून गराजमध्ये भिरकावल्या. एवढ्या बंदोबस्तानं त्यानं एकच गोष्ट साधली. माणूस आत असून घर ओसाड दिसायला लागलं.

बागेत बसणारे म्हातारे सांगत होते, याच वस्तीत नुकतीच दोन घरं फुटली. दोन्ही देशी, दोन्ही सुट्टीवर गेलेली. चोर टीव्हीला हात लावत नाहीत, सोनं नेतात. यामिनीचं सोनं तिच्या कपाटात होतं. आणि शार्दूल रोज अख्ख्या जगाला दिसतील असे फोटो टाकत होता. साखळी पुलावर दोघं, टेकडीवरच्या पांढऱ्या कमानीत दोघं, नदीपलीकडून पार्लमेंट. जागेच्या नावासकट.

आजचा फोटो त्र्यंबकरावांनी मोठा करून पाहिला. डॅन्यूब नदीच्या काठावर लोखंडी जोड्यांची रांग. युद्धात इथे माणसांना जोडे काढायला लावून गोळ्या घातल्या आणि नदीत लोटलं, असं खाली लिहिलेलं. त्या रांगेत आपल्या सँडल मांडून यामिनी हसत उभी होती.

तेवढ्यात बेल वाजली. कालही वाजली होती. काल दारावरच्या कॅमेऱ्यात टोपीवाला माणूस बराच वेळ उभा दिसला आणि ते सांगितल्याबरहुकूम मुकाट बसले होते. आज बेल दोनदा वाजली. मग बाजूच्या कुंपणाचं फाटक करकरलं.

भरदुपारची वेळ. मुलाला फोन लावला, त्यानं कापला. मेसेज आला, 'बाबा, गोल्डन अवर चालू आहे, उन्हं गेली की फोटो गेले, नंतर.'

ते उठले. गराजमधून चपला आणल्या, पुढचं दार सताड उघडलं आणि चपला उंबऱ्याबाहेर ठेवल्या, दारात चपला दिसल्या की घरात माणूस आहे हे नागपुरात शेंबड्या पोरालाही कळतं तशा. शेजारी बनियनवर बसून त्यांनी स्वतःचा फोटो काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला. 'मी घरीच आहे. मागं माणसं शिरलीत. कोणीतरी या.'

फोन लगेच वाजला. आता बरा वाजला.

"बाबा, तो फोटो आधी डिलीट करा."

"अरे, मागच्या अंगणात—"

"मी बघतो ना ते. आधी डिलीट करा, शंभर लोकांनी पाहिला असेल. काय तोंड दाखवू मी?"

मागच्या दाराची काच फुटली. आवाज बुडापेस्टपर्यंत गेला असणार.

"काच फुटली रे, शार्दूल."

तिकडून यामिनीचा आवाज, "केला का त्यांनी डिलीट?"

त्र्यंबकरावांनी फोन कापला. चपला पायात सरकवल्या आणि पोलिसांचं नऊ-एक-एक दाबलं.

रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या एका करड्या गाडीतून एक जण उतरला. त्याच्याही हातात फोन होता. तो एकदा फोनकडे बघायचा, एकदा त्र्यंबकरावांकडे. शार्दूलच्या फोटोत नसलेला हा म्हातारा कुठून उगवला, ते ताडून बघावं तसा. आत लाकडी जमिनीवर बूट वाजायला लागले.

फोनवर पलीकडून एक बाई इंग्रजीत काहीतरी विचारत होती. त्र्यंबकरावांनी फोन तोंडाजवळ धरला.

"आय ॲम होम," ते म्हणाले. "मॅडम, आय ॲम होम."

गाडीवाला रस्ता ओलांडू लागला.