मामलेदाराच्या तोंडात हात

पिंपळीच्या आप्पासाहेबांना कुत्री आवडत नाहीत, हे अख्ख्या गावाला पाठ होतं, कारण आप्पासाहेब ते दिवसातून दोनदा सांगायचे. कुत्र्यानं उंबरा ओलांडायचा नाही, ताटाजवळ यायचं नाही, माणसाच्या अंगाला अंग लावायचं नाही. वस्तीवर एक कुत्रा होता, पण तो म्हणे राखणीला. तपकिरी रंगाचा, एक कान पडलेला, आणि रोज सकाळी उसाच्या सरीसरीतून असा रुबाबात पाहणी करत फिरायचा की त्याचं नाव मामलेदार पडलं. काम म्हणाल तर तेही नावाला शोभेल एवढंच करायचा. परका माणूस आला की उठून त्याला बसायला जागा करून द्यायचा.

आता खरं काय ते सांगतो. कालव्याच्या पाण्याची पाळी आली की आप्पासाहेब उसाला दारं धरायला एकटेच जायचे. घरात चार गडी असताना म्हातारा स्वतः चिखलात का उतरतो, हे कुणी विचारलं नाही. दुपारी ते बांधावर बसायचे, कोयत्यानं ऊस तोडायचे, एक कांडकं स्वतःला आणि एक मामलेदाराला. डावखुरे होते, त्यामुळं त्यांचा काप उलट्या बाजूला तिरका पडायचा. मग फडक्यातली भाकरी सुटायची. एक घास आप्पासाहेबांचा, एक मामलेदाराचा, आणि भाकरी एकच. शेजारच्या बांधावरून दुसरं एखादं कुत्रं शेपूट हलवत आलं तर त्यालाही कांडकं मिळायचं. लांबून गडी दिसला रे दिसला की आप्पासाहेब ओरडायचे, "हाड, हाड." मामलेदारही शहाणा. शिवी ऐकली की चार पावलं सरकून तोंड फिरवून बसायचा, जसा काही दोघांचा परिचयच नाही.

छपन्न सालच्या माघातली गोष्ट. एके सकाळी मामलेदार गोठ्याच्या भिंतीला टेकून बसला होता. तोंड अर्धवट उघडं, लाळेच्या तारा जमिनीपर्यंत लोंबलेल्या, आणि पुढच्या पायानं सारखा गाल ओरबाडतोय. आप्पासाहेबांच्या बायकोनं, लीलाबाईंनी, पाण्याचं घमेलं पुढं सरकवलं. तो आला, पाण्याला तोंड लावलं, आणि कळवळून मागं सरला.

"अवो, ह्यो पाण्याला भितोय," लीलाबाई म्हणाल्या.

आप्पासाहेबांनी दात घासायची राख हातातून खाली टाकली. दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि दोघंही गप्प बसले. पिसाळलंय हा शब्द कुणालाच तोंडातून काढायचा नव्हता.

गप्प बसायला कारण होतं, आणि ते कारण आप्पासाहेबांनीच जन्माला घातलं होतं. मागल्या साली शिमग्याच्या सुमाराला जळोचीकडं पिसाळलेल्या कोल्ह्यानं दोन म्हशींना चावा घेतला, आणि त्या म्हशी ओरडून ओरडून मेल्या. पिंपळीची पाचावर धारण बसली. चावडीत बैठक झाली आणि पंचांत थोरले म्हणून आप्पासाहेबांनी नियम सांगितला. ज्या कुत्र्याची लाळ गळंल आणि जे पाण्याला तोंड लावणार न्हाय, त्याला त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत गोळी घालायची. मग कुत्रं कुणाचं का असंना.

नियम झाला आणि आठ दिवसांत सापडली शकुबाईची कुत्री, ठकी. शकुबाई विधवा बाई, आप्पासाहेबांच्या बांधाला लागून तिचा भाजीपाल्याचा तुकडा. वांगी, मेथी, कोथिंबीर करायची आणि डोक्यावर पाटी घेऊन बारामतीच्या बाजारात बसायची. घरात ती आणि ठकी, तिसरं कुणी नाही. ठकीची लाळ गळायला लागली तेव्हा आप्पासाहेब दहा पावलांवरनं बघून म्हणाले, "पिसाळलीया."

"दोन दिस थांबा आप्पा," शकुबाई हात जोडून म्हणाली. "बांधून ठेवते. न्हाय बरी झाली तर मीच सांगते."

"नियम म्हंजे नियम," आप्पासाहेब म्हणाले. "आज तुझ्यासाठी मोडला तर उद्या दुसऱ्या कुणासाठी मोडावा लागंल."

बंदूक इंदापुरातनं आली. लीलाबाईंचा धाकटा भाऊ सर्जेराव तिथं राहायचा आणि त्याच्याकडं परवान्याची बंदूक होती. आयुष्यात त्यानं एक रानडुक्कर मारलं होतं, आणि त्या डुकराची गोष्ट सांगून सांगून ते आता बैलाएवढं झालं होतं. ठकीला त्यानं एका गोळीत संपवलं. शकुबाईनं तिला उचलून बांधावरच्या बाभळीखाली पुरलं आणि त्या दिवसापासून आप्पासाहेबांशी बोलणं टाकलं.

तर आता मामलेदाराची पाळी. आप्पासाहेबांनी त्याला गोठ्यात कडबा आड करून बांधला आणि सायकल काढली. बारामतीपर्यंत धोतराचा सोगा चेनमधे दोनदा अडकला, टोपी एकदा उडाली, पण थांबले नाहीत. गुरांच्या दवाखान्यात पोचले तर डॉक्टर इंदापूरच्या बैलबाजारात लस टोचायला गेलेले. कंपाउंडर तेवढा होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"दहा दिवस बांधून ठेवा. पिसाळलं असंल तर दहा दिवसांत मरंल, नसंल तर न्हाय मरणार," तो म्हणाला. "आणि त्याची लाळ ज्याच्या ज्याच्या हाताला, तोंडाला लागली आसंल, त्यांची नावं काढा. माणसांच्या दवाखान्यात चौदा सुया घ्याव्या लागतील. पोटात."

"कुणाला लागतीय?" आप्पासाहेब म्हणाले. "आमच्यात कुत्र्याला कुणी शिवत न्हाय."

परतीच्या वाटेवर मात्र त्यांचा हात दर मैलाला पोटाकडं जात होता. कालच्या दुपारची भाकरी आठवत होती, कुठला घास कुणाचा होता ते काही केल्या आठवत नव्हतं. पण खोटं नाही सांगत, त्या माणसाला सुयांचं भय थोडं आणि मामलेदाराची काळजी जास्त होती. दहा दिवस मिळाले तर कुत्रा वाचला असता. नियमात दहा दिवस नव्हते, आजचाच दिवस होता.

घरी आल्यावर त्यांनी लीलाबाईंना आत बोलावून दार लोटलं.

"कुत्र्याची लाळ तुझ्या अंगाला कधी लागलीया का?"

लीलाबाईंनी पदर बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. "रोज सकाळी साय देते," त्या म्हणाल्या. "बोटानं. चाटून खातो ना त्यो. तुमी रागवाल म्हनून बोलले न्हाय."

"किती वर्सं झाली?"

"पिल्लू आणलं तवापासनं. आणि तुमी?"

आप्पासाहेब आढ्याकडं बघत म्हणाले, "एका भाकरीत."

तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं असलं लफडं पहिल्यांदाच बाहेर पडत होतं. लीलाबाईंना हसू फुटलं आणि हसता हसता डोळ्याला पाणी आलं. "वाचवा अवो त्येला," त्या म्हणाल्या. "नियम तुमचाच हाय नव्हं? मग मोडा की."

पण तोवर उशीर झाला होता. दुसरे पंच दत्तोबा सकाळी ताक मागायला आले होते आणि त्यांनी लाळ बघितली होती. ताक न घेताच गेले आणि इंदापूरच्या मोटारीच्या ड्रायव्हरजवळ निरोप दिला. दुपारच्या मोटारीनं सर्जेराव हजर झाला, बंदूक जुन्या धोतरात गुंडाळलेली आणि मिशीला पीळ. मागनं दत्तोबा आणि पंधरावीस माणसं. काम नसलं की पिंपळीची माणसं कुठंही वेळेवर पोचतात.

"दत्तोबा," आप्पासाहेब म्हणाले, "कंपाउंडर म्हणतोय दहा दिस बांधून ठिवा."

"कंपाउंडर पंच न्हाय," दत्तोबा म्हणाले. "नियम म्हंजे नियम. आज तुमच्यासाठी मोडला तर उद्या दुसऱ्या कुणासाठी मोडावा लागंल. तुमचंच बोलणं हाय आप्पासाहेब, माझं एवढं डोकं न्हाय."

आप्पासाहेबांचंच वाक्य असं फिरून त्यांच्या अंगावर आलं. मामलेदाराला लिंबाच्या झाडाला बांधलं. सर्जेरावानं बंदूक रोखली, पुन्हा खाली घेतली.

"दाजी, शेपूट हलवतोय त्यो माझ्याकडं बघून," तो म्हणाला. "नेम धरवंना."

"ओळखतो त्यो तुला. मटणाची हाडं तूच घालतोस," आप्पासाहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज मधेच चिरला. सगळ्यांनी ऐकलं. कुणी हसलं नाही, त्यातल्या त्यात एवढं बरं.

तेवढ्यात माणसांतनं वाट काढत शकुबाई पुढं आली. डोक्यावरची रिकामी पाटी तिनं खाली ठेवली.

"तोंड उघडून बघितलं का कुणी?" तिनं विचारलं.

"पिसाळलेल्या कुत्र्याच्या तोंडात कोण हात घालतंय?" दत्तोबा म्हणाले.

"मी ईचारलं, बघितलं का." मग ती आप्पासाहेबांकडं वळली. वर्षभरात पहिल्यांदाच. "सकाळपासनं माझ्या बांधावरनं बघतीया. म्हटलं, व्हऊ दे. ह्यास्नी बी कळू दे. बाजाराला बी गेले. पण मेथी इकता इकता सारखा ह्योच डोळ्यापुढं यायला लागला. त्येनं काय केलंय बिचाऱ्यानं? बघा आप्पा, टाळूला बघा."

आप्पासाहेबांनी धोतर खोचलं. लीलाबाई नको नको म्हणत होत्या. सर्जेराव बंदुकीसकट चार पावलं मागं गेला, रानडुक्कर मारलेला माणूस. आप्पासाहेब मामलेदारापुढं गुडघ्यावर बसले, डाव्या हातानं त्याचा वरचा जबडा धरला, उजव्यानं खालचा, आणि आत डोकावले. मामलेदार विव्हळला, पण चावला नाही.

वरच्या दाढांच्या मधे, टाळूला आडवी, उसाच्या पेराची एक फाक चेपून बसली होती. भोवतीचं मांस लालबुंद झालेलं. आप्पासाहेबांनी दोन बोटं घालून ती हलवली, निसटली, पुन्हा धरली, आणि ओढली. फाक बाहेर आली, बरोबर थोडं रक्त आणि भरपूर लाळ. मामलेदारानं दोनदा जबडा मिटून बघितला. मग त्यानं लीलाबाईंनी पुढं सरकवलेल्या घमेल्यात तोंड घातलं आणि तळ दिसेपर्यंत वर काढलं नाही.

माणसांत कुजबुज सुरू झाली. दत्तोबा आभाळाकडं बघू लागले, पाऊसपाण्याचा काही अंदाज घेत असावेत, माघात. सर्जेराव बंदूक धोतरात गुंडाळता गुंडाळता कुरकुरला, "एवढ्या लांबनं आलो."

आप्पासाहेब मात्र हातातल्या फाकीकडं बघत होते. तिचा काप तिरका होता, उलट्या बाजूला. असा काप पिंपळीत एकच माणूस घालायचा. काल दुपारी लाडानं दिलेलं कांडकं होतं ते. स्वतःच्या हातानं त्यांनी कुत्रा जवळजवळ मारलाच होता, आणि राहिलेलं काम नियमानं केलं असतं.

मग त्यांनी हळूच मान वर केली. "शकुबाई, तुला कसं कळलं टाळूला बघायचं?"

शकुबाईनं कमरेची चंची सोडली. पानतंबाखूच्या खालच्या कप्प्यातनं एक वाळकी, काळी पडलेली उसाची फाक काढली आणि त्यांच्या तळहातावर पहिलीच्या शेजारी ठेवली.

"ठकीला पुरायला उचलली, तवा तिचं तोंड उघडलं," ती म्हणाली. "त्याच दिशी तुमाला दाखवायला आलते. तुमी जेवत हुता. गड्यानं सांगितलं, बाहेर बस. बसले लई येळ. मंग गेले."

आप्पासाहेबांनी वाळकी फाक उलटी केली. काप तिरका होता, उलट्या बाजूला.

"रोज दुपारी तुमच्या बांधावर यायची ती," शकुबाई म्हणाली. "तुमी तिला कांडकं घालता ते मला ठावं हुतं. तुमी लपून घालता म्हनून मी बी न बघितल्यागत करायची. बरं वाटायचं मला. म्हटलं, आपल्या ठकीवर जीव हाय कुणाचा तरी."

आप्पासाहेबांनी दोन्ही फाका मुठीत मिटल्या. ठकी दहा पावलांवर होती तेव्हा तिनं त्यांना बघून शेपूट हलवलं होतं, हे त्यांना आत्ता आठवलं. तेव्हाही दिसलं होतं. लोकांदेखत ओळख द्यायची लाज वाटली होती.

"चुकलं माझं," ते म्हणाले. हे शब्द त्यांनी बायकोला कधी म्हटले नव्हते, आईबापाला म्हटल्याचं कुणाला माहीत नाही.

"माझ्यापाशी काय म्हणताय?" शकुबाईनं पाटी उचलली. "जिच्याशी चुकला तिला म्हणा. बांधावरच हाय."

लोकांना वाटलं, बाई रागानं बोलली, झालं. पण आप्पासाहेबांनी टोपी काढून हातात घेतली आणि खरोखरच चालायला लागले. मामलेदाराची दोरी लीलाबाईंनी सोडली, तो मागनं. त्याच्या मागनं शकुबाई, आणि मग बघ्यांची अख्खी गर्दी. बाभळीखाली एवढासा उंचवटा होता, वर शकुबाईनं ठेवलेले चार दगड. आप्पासाहेब दोन्ही फाका मुठीत धरून उभे राहिले आणि चावडीत बोलायचे त्याच मोठ्या आवाजात म्हणाले, "ठके, चुकलं माझं."

मामलेदारानं चारही दगड नीट हुंगले. मग बाभळीच्या बुंध्याला जाऊन, दिवसभराचं साठलेलं होतं म्हणून असेल, सावकाश तंगडी वर केली.

"हाड," दत्तोबा ओरडले. "हाड, भाड्या."

शकुबाई तोंडाला पदर लावून हसली, आणि हसताना तिचे डोळे भरून आले. "करू द्या," ती म्हणाली. "ठकी बी तितंच करायची."

आप्पासाहेब बांधावर बसले. मामलेदार येऊन त्यांच्या मांडीला अंग लावून बसला, आणि मग एवढी माणसं बघून सवयीनं चार पावलं लांब सरकायला उठला. आप्पासाहेबांनी त्याचा पडका कान धरून त्याला सगळ्यांच्या देखत परत जवळ ओढला.