चौपट पत्रा, आठपट पाणी

माझी बायको हट्टाने उठली आणि पडली, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. सात महिने मी ते ऐकून घेतलं. खरं काय ते मला माहीत होतं. म्हणजे निम्मं माहीत होतं. उरलेलं परवा कळलं.

मी पत्र्याचं काम करतो. डबे, नरसाळी, टाक्या. आजारपणात तिचे पाय गार पडायचे, म्हणून मी तिला गरम पाण्यासाठी पत्र्याचा एक डबा करून दिला होता. वीतभर लांब, वर फिरकीचं झाकण, आत लिटरभर पाणी. सकाळी नऊला कामावर निघताना तो भरून, फडक्यात गुंडाळून तिच्या पायाशी ठेवायचो. दुपारी एकला जेवायला घरी यायचो. डबा अकरालाच निवायचा.

"अहो, असाच मोठा करा ना एक," ती म्हणाली. "लांबी, रुंदी, उंची, सगळंच दुप्पट."

"दुप्पट केला की पत्रा चौपट होतो. ऊब पत्र्यातूनच जाते. तो चौपट लवकर गार पडेल."

"मोठ्या पातेल्यातलं पाणी उशिरा निवतं. जन्म गेला माझा स्वयंपाकघरात."

"पत्र्यातलं तुला काय कळतंय?"

"तुमचा पत्रा तुम्हाला लखलाभ. मी आतल्या पाण्याचं बोलतेय."

तिने आणखी दोनदा विचारलं. शेवटच्या वेळी मी उत्तरही दिलं नाही. मग निवलेला डबा भरायला ती स्वतःच उठू लागली. एके दिवशी साडेअकराला स्वयंपाकघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. पाचव्या आठवड्यात दवाखान्यातच गेली.

परवा कोंबडीची पिल्लं विकणारा दुकानात आला. फळीवरचा तिचा डबा त्याने हातात घेऊन फिरवून पाहिला.

"मास्तर, हुबेहूब असाच, पण तिन्हीकडून दुप्पट. पिल्लांच्या खोक्यात ठेवायचाय."

"लवकर निवेल."

"निवू दे. पिल्लं काही तुमच्याकडे तक्रार घेऊन येणार नाहीत."

डबा केला. पत्रा चौपटच लागला. गळतो का ते बघायला लिटरच्या मापाने पाणी ओतत होतो. चार मापं झाली तेव्हा डबा अर्धाच भरला होता. आठव्या मापाला काठोकाठ झाला.

आठपट मावतं हे मला माहीत नव्हतं, असं कसं म्हणू? आयुष्यभर टाक्या केल्या. पण तिच्याशी बोलताना मी नुसता पत्रा धरला, पाणी सोडून दिलं. ऊब बाहेर जायला जागा चौपट, पण आतली ऊब आठपट. म्हणजे डबा दुप्पट वेळ टिकायला हवा.

माझा हा हिशेब चुकत असावा, असं वाटत होतं. म्हणून आज सकाळी नऊला दुकानात दोन्ही डबे भरले, सारख्याच फडक्यात गुंडाळले आणि समोर बसून राहिलो. लहान अकराला कोमट झाला. मोठा तेवढाच कोमट व्हायला एक वाजला. एक. माझी घरी यायची वेळ.

तेवढ्यात मुलगी जेवण घेऊन आली.

"बाबा, हे काय मांडून बसलात?"

मी सांगितलं. तिच्या आईचं मागणं, माझं उत्तर, ती का उठत होती ते. मुलगी उभीच राहिली.

"दवाखान्यात मी आईवर ओरडले होते," ती म्हणाली. "बाबा येईपर्यंत तास-दीड तास कळ काढता येत नव्हती का, म्हणाले. ती काही बोलली नाही. तुमच्याकडे बघत राहिली. तुम्ही तिथेच होतात."

"होतो."

"मग तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती?"

तेव्हा बोललो असतो, तर निदान मुलीने आईची माफी तरी मागितली असती.

मुलीने पदराने नाक पुसलं.

"मावशी अजून येईल-जाईल त्याला आईचा हट्ट ऐकवते. तिला तुम्ही सांगायचं. आत्ता, माझ्यासमोर."

तिनेच फोन लावून माझ्या हातात दिला.

"काय भाऊजी, जेवलात का?" मेहुणीने नेहमीसारखं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तुझ्या बहिणीने हट्ट केला नव्हता. मी केला होता. ऐक."