आईच्या खोलीची चौकट

घर बांधायला काढलं की आपल्याकडचा माणूस गावभर दुसऱ्यांची घरं बघत हिंडतो. खोटं वाटत असेल तर स्वतःलाच विचारून बघा!

कवठे महांकाळ तालुक्यातल्या बिरदेवचंही तसंच झालं. खरं तर त्यानं घर काढलं होतं आईसाठी. गेल्या वर्षी धोंडुबाई अंगणापलीकडच्या संडासाला जाताना घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला ऑपरेशन झालं, हातात वॉकर आला. दवाखान्यातच बिरदेवनं आईचा हात धरून सांगितलं होतं, "आई, आता तुला पत्र्याच्या खोलीत ठेवत न्हाई. नवं घर बांधतो. तुझ्या खोलीला लागूनच संडास-बाथरूम करतो. कुणाला हाक मारायला नगं का कुणाची वाट बघायला नगं."

म्हातारीच्या डोळ्यांना धार लागली. अर्धा जन्म मेंढरांमागं रानात काढलेली बाई. हालअपेष्टांना ती कधी भ्याली नव्हती, पण सुनेच्या खांद्याचा आधार घेऊन संडासाला जाताना तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सून राही कधी चकार शब्द बोलायची नाही, तरीही.

तर भिंती उभ्या राहिल्या, दारांच्या जागा सोडल्या, चौकटींचं लाकूड येऊन पडलं. तोवर सगळं झकास होतं. मग सिद्धूच्या घराची वास्तुशांत झाली आणि माशी शिंकली.

सिद्धू म्हणजे बिरदेवचा सख्खा चुलतभाऊ. तमिळनाडूत त्याचं गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी आटवायचं दुकान. त्यानं गावात घर बांधलं आणि पुढच्या दाराला सागवानी चौकट बसवली. दोन्ही अंगांना वेलबुट्टी आणि वर पिसारा फुलवलेला मोर! गाव बघायला लोटलं. जो तो एकच विचारायचा, "सिद्धूची चौकट बघितली का?"

बिरदेवला पंगतीत घास गिळेना. घरी आला तो धुसफुसतच.

"काय झालं?" राहीनं विचारलं.

"काय न्हाई. मोर बसवलाय म्हणं दारावर. मोर!"

"चांगला हाय की मोर."

"आता तू बी त्येचंच गा!"

झालं. त्या रात्रीपासून बिरदेवच्या डोक्यात तो मोर जाऊन बसला. लहानपणी एका ताटात जेवलेला भाऊ वर आला, तर आनंद व्हायचा सोडून याचा नुसता जळफळाट! दुसऱ्या दिवशी पेपर मागायच्या निमित्तानं हा सिद्धूच्या दारात गेला आणि कुणी बघत नाहीसं पाहून चौकट वितीनं मोजायला लागला. तेवढ्यात सिद्धू बाहेर आला.

"दादा, बाहीर का उभा? आत ये की. आतली दारं दावतो, तुला उपेगी पडतील."

"बघितली, बघितली," म्हणत बिरदेव पेपर न घेताच परतला. तो तडक आपल्या बांधकामावर नाथाजी सुताराकडं गेला.

"नाथाजी, सिद्धूपेक्षा वीतभर रुंद पायजे. आन् वर दोन मोर."

"मग आतल्या दारांना लाकूड पुरायचं न्हाई, अण्णा. आतल्या चौकटी बारीक कराव्या लागतील."

"करा की बारीक! आत कोण बघाय येतंय?"

नाथाजीला मोर कोरायला मिळणार म्हणून उकळ्या फुटत होत्या. तो म्हणाला, "व्हय, आत काय बैलगाडी न्यायची हाय?" दोघं खदाखदा हसले.

"आन् उंबरा परत्येक दाराला ठसठशीत कर. सिद्धूनं आत उंबरंच ठेवलं न्हाईत म्हणं. एवढा पैसा आन् आतनं सगळा दळिद्रीपणा!"

राही चहा घेऊन आली होती. तिनं हळूच विचारलं, "आवं, आत्तींच्या वॉकरचं माप घेतलं का?"

"बघू मागनं," बिरदेव म्हणाला. त्या मोरांच्या पिसाऱ्यापुढं वॉकर कुठं दिसायला त्याला!

आणि तो स्वतः उभा राहून काम करून घेत होता बरं का. सुताराच्या पाठीशी खुर्ची टाकून बसायचा. पुढच्या दारासाठी भिंत फोडून घेतली. आत मात्र बारक्या चौकटी बसवून उरलेली जागा विटांनी बुजवून टाकली. त्याची नजर सारखी रस्त्याकडं. सिद्धू बघतोय का, आणि बघून त्याचं तोंड उतरतंय का!

चौकटपूजनाला भावकी बोलावली. हळदीकुंकू वाहिलं, नारळ फुटला. सिद्धू पुढं आला, दोन्ही मोरांवरून हात फिरवून म्हणाला, "लय भारी, दादा! माझा मोर ह्येंच्यापुढं कोंबडी दिसतोय!" आणि मनापासून हसला.

बिरदेवला उलट रागच आला. याचं तोंड कसं उतरत नाही?

"आईला आणा," तो म्हणाला. "आईची खोली दावूया."

पुढच्या रुंद दारातून धोंडुबाईंना दोघांनी उंबऱ्यावरून उचलून आत घेतलं. मग त्या वॉकर टेकत टेकत आपल्या खोलीपाशी आल्या. ठक्! वॉकर चौकटीला अडला. त्यांनी तो तिरका केला. आडवा केला. खाली उंबऱ्याला पाय ठेचकाळला. म्हातारीनं मान उंचावून आत बघितलं. खोलीच्या पलीकडं बाथरूमचं दार होतं, ते तर याहूनही अरुंद.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "मी आपली पत्र्याच्या खोलीतच बरी हाय."

"आसं काय करती? आमी हाय की धरून न्यायला!"

"रोज? आन् रातच्याला उठाय लागलं तर? कुणाला हाक मारायला नगं म्हणाला हुतास तू." म्हातारीनं वॉकर मागं घेतला. "काल सिद्ध्यानं मला त्येच्या घरी नेली हुती. पार मागच्या खोलीपातूर माझी मी चालत गेले. कुठं अडले न्हाई."

सिद्धू चपापला. "दादा, थोरल्या आईला सणासुदीला येता यावं म्हणून आत उंबरं ठेवलं न्हाईत मी. तुला त्येच दावायचं हुतं त्या दिवशी."

बिरदेवच्या अंगाचा तिळपापड झाला. भावकीसमोर तो ओरडला, "मग जा की त्येच्याकडंच ऱ्हायला!"

अरेरे! मत्सर माणसाच्या तोंडून काय काय वदवून घेतो! राहीनं तोंडाला पदर लावला. धोंडुबाई मात्र रडल्या नाहीत. चौकटीला धरून ताठ उभ्या राहिल्या.

"बिरू, मेंढरं बसवायची वाघर आठवती का? ती जाळी? तुझा बा तिचं तोंड कुणाच्या मापानं ठेवायचा?"

बिरदेवनं तोंड फिरवलं.

"सांगते. गाभण मेंढीच्या. दांडगा बकरा कुठनं बी उडी मारून जातोय. गाभण मेंढी दाटली तर पोटातलं पिल्लू जातंय. शेजारच्या मेंढरांच्या वाड्याची वाघर केवढी हाय, ते तुझ्या बानं कवाच बघितलं न्हाई. आपल्यातलं कोण आडंल, तेवढंच बघायचा. तू माप घेतलंस ते सिद्ध्याच्या दाराचं. माझं न्हाई घेतलंस, बाळा."

बिरदेवनं पुढच्या दाराकडं बघितलं. दोन मोर पिसारा फुलवून उभे होते आणि आई खोलीबाहेर उभी होती. ज्या आईसाठी घर काढलं, तिलाच घरात वाट नव्हती! त्याला रडूच फुटलं.

"चुकलो, आई!" त्यानं कोपऱ्यातली पहार उचलली. "सिद्धू, तू त्या अंगानं धर."

"आवं, पुजलेली चौकट हाय!" राही घाबरली.

"देवाला बी आत यायला वाट लागती की गं," धोंडुबाई म्हणाल्या.

"अण्णा, लाकूड कुठलं आणायचं?" नाथाजीनं रडवेल्या तोंडानं विचारलं.

"पुढची बी काढा. त्यातनं आईच्या खोलीची करा आन् बाथरूमची. उंबरा ठेवू नका. आन् आधी वॉकर मोजा!"

नाथाजीला मात्र मोर टाकून देववेनात. त्यानं ते अलगद कापून ठेवले आणि दोन्ही आईच्या बाथरूमच्या दारावर बसवले. बघून धोंडुबाई खळखळून हसल्या, "आता न्हाणीला बी मोर आलं म्हणायचं!" सिद्धू आणि बिरदेव एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसत होते.

मंडळी, चौकटी आपण सगळेच बसवतो. पण माप कुणाचं घेतो? घरातला म्हातारा, घरातली पोटुशी, घरातला अधू माणूस, यांना आपल्याच घरात हिंडताना कुणाच्या तोंडाकडं बघावं लागू नये. दार सगळ्यात अडणाऱ्या माणसाच्या मापानं करावं. शेजाऱ्याच्या दारावर काय आहे, ते बघून कौतुक करावं आणि घरी यावं.

बिरदेवच्या पुढच्या दाराला आज साधी लोखंडी चौकट आहे. राहायला आले त्या दिवशी धोंडुबाई वॉकर घेऊन खोलीत गेल्या, तिथून बाथरूमकडं वळल्या. सवयीनं बिरदेव हात द्यायला पुढं झाला.

"तू कुठं येतुयास? जा माघारी," त्या म्हणाल्या. त्या एकट्याच आत गेल्या आणि त्यांनी आतून कडी लावली.