ओल्या साच्यावरचे सॉकेट

९ मार्च २०१६, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. भट्टीत नग एकच: माझ्या थोरल्या बहिणीच्या कृत्रिम पायाचे सॉकेट, म्हणजे गुडघ्याखालचा उरलेला पाय ज्यात बसतो ते राळेचे, तापवून कडक होणारे कवच. तापमापक १२० अंश दाखवत होता आणि ठरलेले दोन तास पूर्ण झाले होते.

ताईची लाँड्री आहे. इस्त्रीयंत्राची वाफेची नळी तिच्या पायाला जवळजवळ खेटून जाते. तिथे मी सत्तर अंश मोजले होते. आधीचे सॉकेट तिथेच मऊ पडले आणि ताई गिऱ्हाइकांदेखत कोसळली. म्हणून नवे मी स्वतः केले. पण तिची अडचण पाहवेना, तेव्हा प्लास्टरचा साचा वाळवण्याचे दोन दिवस गाळले.

साच्यासकट सॉकेट घेऊन निघालो, तर चाचणीकक्षातल्या बाई आडव्या आल्या.

"मास्तर, काठाची एक पट्टी कापून द्या."

"कशाला? भट्टी एकशेवीस सांगतेय."

"भट्टी स्वतःचं सांगते. राळेला कुणी विचारलं?"

"बत्तीस वर्षं हेच करतोय मी, बाई."

"मग अर्ध्या तासानं काय बिघडतं? पाय ताईंचा आहे, नाक तेवढं तुमचं!"

बाईंनी वजन टांगून तापवत नेलेली पट्टी ६३ अंशांनाच वाकली.

ओल्या प्लास्टरमधले पाणी वाफ होताना उष्णता पीत राहिले होते. हवा १२० वर, राळ मात्र पन्नाशीत. दिसायला ती कडक होती. पण तिच्या रेणूंच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधणारे बंध अपुरेच होते. असे बंध जितके कमी, तितकी राळ लवकर काचेचा ताठपणा सोडून रबरासारखी होते.

बाहेर बाकावर ताई वाट पाहत होती.

"काय रे, कच्चंच राहिलं?"

"हो, ताई. चूक माझी."

"लहानपणी तुझा अभ्यासही असाच असायचा. वरून पक्का!" ती हसली. "थांबते मी. पण आता घाई नको."

सॉकेट साच्यावर ठेवूनच दोन दिवस पंचेचाळीस अंशांवर वाळवले. बाईंनी तापमापकाची तार या वेळी थेट सॉकेटलाच चिकटवली. मग तासाला दहाच अंश वाढवत १२० गाठले. एकदम तापवले असते, तर बंध होण्याआधीच आकार ढळला असता. दुसरी पट्टी ११८ पर्यंत ताठ राहिली.

मी बाईंचे आभार मानले. त्या म्हणाल्या, "पट्टीचे माना, मास्तर."

त्या सॉकेटवर ताई इस्त्रीयंत्रापाशी चार वर्षे सात महिने उभी राहिली.