गोदाबाईच्या नावानं

जयवंताची पोरगी शकुन रडायची नाही, आणि गावातल्या बायका त्याचं कौतुक करायच्या. किती गुणाची म्हणे, ठेवली तिथं पडून राहते. वांग्याच्या वाफ्याशेजारी बाभळीच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी टांगलेली असे, आणि तिच्यात शकुन निपचित. नाकावर माशी बसली तरी तिचा हात हलायचा नाही. आता अशा लेकराचं कौतुक करायचं, की पोटात धस्स व्हायचं? पण ज्या गावात सगळीच लेकरं अशी निजून वाढलेली, तिथं धस्स तरी कुणाला व्हावं.

कारण साधंच होतं. जयवंताची सासू पार्बताबाई सकाळी भाजी तोडायला बसण्याआधी पोरीला अफूची बारीक गोळी चाटवायची. म्हातारी दुष्ट नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. तिचा मुलगा देवीदास, म्हणजे जयवंताचा नवरा, याच गोळीवर वाढला होता. जिनात कापूस निवडायला जाणाऱ्या बायकाही हेच करायच्या. हात कामात असले की लेकरू झोपलेलं बरं, एवढाच हिशेब.

आणि लेकराची माय कुठं होती? माय होती महादेवराव देशमुखांच्या घरी, त्यांच्या बाळाला पाजायला. देशमुखीण गोदाबाई बाळंतपणातच तापानं आडवी झाली आणि तिचं दूध आटलं. मग मळ्यातल्या जयवंताला बोलावणं आलं. मळा देशमुखांचा, विहीर देशमुखांची, देवीदासच्या बापापासून हे माळ्याचं घर तिथं भाजी पिकवत आलेलं. अशा ठिकाणी नाही म्हणायची सोय नसते. वर देशमुखांची ताकीद अशी, की स्वतःची पोरगी सोबत आणायची नाही. दूध वाटलं गेलं की त्याचा कस जातो, असं त्या घरात मानत. म्हणून दिवसभराचं ताजं दूध देशमुखांच्या बाळाला, आणि संध्याकाळी उरेल ते शकुनला. दिवसा तिला पार्बताबाई कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजायची, ती जागी असली तर.

त्या साली अकोल्याच्या मोठ्या लोकांनी मिळून लेकरांसाठी एक दवाखाना उघडला. इंग्रज साहेबाची मडम त्याची मुख्य. लेकरं आणा, फुकट तोलून देऊ, औषध देऊ, जातपात काही नाही, सगळ्यांना दार उघडं, अशी दवंडी पिटली. दार उघडं होतं हे खरंच. पण भर कामाच्या दिवशी रोजी बुडवून, उन्हातान्हात लेकरू काखेत मारून अकोल्याला जाणार कोण? तिथं पोचायची ती श्रीमंतांच्या दमणीतली, छपराच्या बैलगाडीतली लेकरं. उन्हाळ्याच्या तोंडाशी गुटगुटीत बाळांचं प्रदर्शन भरणार होतं. पहिल्या बाळाला मडमेच्या हातून चांदीची वाटी.

महादेवरावांना सरकारी किताब मिळवून रावसाहेब व्हायचं होतं. आपलं बाळ मडमेच्या मांडीवर दिसलं की काम सोपं होईल, असं त्यांच्या मनानं घेतलं. अडचण एकच होती. बाळाला दर आठवड्याला आईनंच आणायचं, असा दवाखान्याचा नेम. आणि देशमुखांच्या बायका गोषात राहणाऱ्या, परक्या माणसानं नख पाहिलेलं नाही. आता देशमुखांचं डोकं पाहा. ज्या बाईचं तोंडच कुणी पाहिलं नाही, तिच्या जागी कुणीही गेलं तर कळणार कुणाला? जयवंताच्या अंगावर गोदाबाईचं रेशीमकाठी लुगडं आलं, नाकात नथ आली, आणि पडद्याच्या दमणीत बसून ती गोदाबाईच्या नावानं अकोल्याला जाऊ लागली. पुढं गाडीवानाशेजारी देशमुखांचा कारभारी खुशालराव असायचा. त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, तोंडातून एक शब्द वाकडा गेला तर मळ्यात पाय ठेवू देणार नाही.

दवाखान्यात आत फक्त बायकाच असत, तिथं पदर वर करावा लागे. नागपूरहून आलेली डॉक्टरीण माणिकबाई कडक होती, पण मनानं चांगली. बाळाला काट्यावर ठेवून ती खूश व्हायची. दुसऱ्या बायकांना सांगायची, पाहा, आईचं दूध कसं अंगी लागतं ते, या गोदाबाईंकडून शिका. जयवंता मान खाली घालून ऐकायची. तिला लाजही वाटायची, आणि खोटं कशाला बोला, जरासा आनंदही व्हायचा. दूध तर तिचंच होतं.

मग एकदा माणिकबाईनं अफूचं काढलं. जी लेकरं रडत नाहीत त्यांना शांत समजू नका, म्हणाली. डोळ्यांतली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, पोट कडक होतं, हातपाय सुकतात, भूक मरते. आणि एक दिवस ते लेकरू उठतच नाही. जयवंताच्या मांडीवर देशमुखांचं बाळ पाय झाडत होतं आणि तिच्या डोळ्यांपुढं बाभळीची झोळी आली. माणिकबाई तिच्याकडं वळली.

"गोदाबाई, तुमच्या घरात असलं काही चालत नसेल. पण तुमच्याकडं कामाला येणाऱ्या बायकांना सांगा. त्यांची लेकरं इथं कुणी आणतच नाही."

"आनली तं पाहसान का तुमी?"

"आईनं आणली तर का नाही पाहणार?"

आईनं आणली तर. जयवंता त्या रात्री जेवली नाही. आई म्हणून ती तिथं जाणार कशी? तिथं तर ती गोदाबाई होती. तिचा चेहरा, आवाज, हनुवटीवरचं गोंदण, सगळं माणिकबाईला पाठ झालेलं. तिनं धीर करून खुशालरावाच्या कानावर घातलं, की पोरगी बरी नाही, एकदा दाखवू द्या. दुसऱ्या दिवशी देशमुखांचं उत्तर आलं, प्रदर्शन होऊन जाऊ दे, मग पाहू. त्या उत्तरात नाही हा शब्द कुठं नव्हता, पण जयवंता काही दूधखुळी नव्हती.

तिच्या हातात राहिली एकच गोष्ट, गोळी बंद करणं. तिनं सासूचे पाय धरले. डॉक्टरणीनं सांगितलेलं सगळं सांगितलं. पार्बताबाईनं आधी वाद घातला, मग सुनेचं रडणं पाहून कपाळाला हात लावून कबूल झाली, की नाही देत बाप्पा, आजपासून बंद. आणि बाई, खरंच दोन दिवस बंद ठेवलीही. त्या दोन दिवसांत शकुननं आकाशपाताळ एक केलं. घामानं भिजली, हातपाय आखडले, जुलाब लागले. वाफे तसेच राहिले, बाजार बुडाला. म्हातारी घाबरली. पोरगी मरते की काय वाटून तिसऱ्या सकाळी तिनं पुन्हा गोळी चाटवली आणि पोरगी निवली. सुनेला काही बोलली नाही. बोलून पुन्हा रडारड कशाला, असं तिला वाटलं. जयवंता संध्याकाळी आली तर पोरगी शांत. तिला वाटलं, अफू उतरली, देव पावला.

पण शकुन सुधारत नव्हती. गाल आत गेले, डोकं तेवढं मोठं दिसू लागलं. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी तिनं स्तन तोंडातच घेतला नाही. जयवंतानं दूध ओठांवर पिळलं, ते हनुवटीवरून ओघळून गेलं. तेव्हा त्या बाईच्या मनात काय आलं ते तिनं कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. उद्या मंडपात मडम असेल, साहेब लोकांच्या बायका असतील, माणिकबाई असेल. त्या सगळ्यांसमोर शकुनला काट्यावर ठेवायचं. एवढ्या लोकांत देशमुखांना तिला हुसकून देता येणार नाही, आणि डॉक्टरणीला पाठ फिरवता येणार नाही. मळा गेला तर जाऊ दे. मळ्याचं पुढं पाहू, पोरगी आधी.

सकाळी पार्बताबाई गाडीवर भाजी लादून अंधारातच अकोल्याच्या बाजाराला गेली. देवीदास मोटेवर होता. जयवंतानं टोपलीत मऊ चिंध्या घातल्या, शकुनला त्यात निजवलं आणि वर दुपटं पांघरलं. देशमुखांच्या बाळाचे कपडे आहेत म्हणून सांगितलं की झालं. पण दमणीत, खुशालरावाच्या पाठीमागं, पोरगी रडली तर? गोळी बंद झाल्यावर ती कशी रडली होती ते तिच्या ध्यानात होतं. फडताळात गोळ्यांची डबी होती. तिनं ती उघडली, मिटली, पुन्हा उघडली. एवढ्या दिवसांत अफू पोटात नाही, एका गोळीनं काय होतं. आजचा दिवस, मग आयुष्यात कधी नाही. तिनं बोटावर गोळी घेतली आणि शकुनच्या जिभेवर लावली. पोरीनं डोळे उघडले नाहीत. जयवंताला वाटलं, झोपेत आहे.

वाटेत टोपलीतून आवाज आला नाही. खडीच्या रस्त्यावर दमणी आदळली तेव्हाही नाही. तिला एकदा दुपटं उचलून पाहावंसं वाटलं, पण पडद्याला फट होती आणि खुशालराव सारखा मागं वळत होता. बाळ तिच्या मांडीवर भरपोट पिऊन निजलं होतं.

मंडप पताकांनी भरला होता. बायकांच्या बाजूला गर्दी. बाळाला पितळी पारड्यात ठेवलं, काटा खाली गेला, टाळ्या वाजल्या. पहिला नंबर महादेवराव देशमुखांच्या चिरंजीवांचा, असं माणिकबाईनं मोठ्यानं सांगितलं. मडमेनं हसून बाळाला उचलून घेतलं. पडद्यापलीकडून पुरुषांच्या टाळ्या आल्या. आणि पहिल्या नंबराची आई वाटी घ्यायला पुढं येण्याऐवजी खाली वाकून टोपलीवरचं दुपटं सारू लागली, तेव्हा बायकांना हसूच आलं.

जयवंतानं शकुनला उचललं. मान मागं लोंबली. ओठ जांभळाच्या रंगाचे झाले होते. तिनं पोरीला त्याच पारड्यात ठेवलं. काटा हलला न हलला.

"मी गोदाबाई नाई," ती म्हणाली. "मी जयवंता माळीन. तो देशमुखाचा हाये. हे माही हाये. इले पाहा."

माणिकबाईनं एकदा तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि लगेच पोरीची पापणी उचलली. मग ती धावलीच. शकुनला टेबलावर घेतलं, तळव्यांवर चापट्या मारल्या, छातीवर बोटं दाबली, तोंडाला तोंड लावून फुंकर घातली. काय दिलं, किती दिलं, ती विचारत होती. एकच गोयी, जयवंता सांगत होती, आता सकाळी, एकच. माणिकबाई म्हणाली, एकीनं एवढं होत नाही, नीट आठव. जयवंता शपथा घेऊ लागली.

मंडपाच्या दाराशी गर्दी फुटली आणि रिकामी पाटी घेतलेली पार्बताबाई आत आली. भाजी विकून ती मुद्दाम आली होती, सुनेला देशमुखिणीच्या थाटात बघायला. टेबलावरची पोरगी पाहून तिच्या हातून पाटी पडली.

"माय वो, मी बी देल्ली होती," ती म्हणाली. "निघताखेपी. रोजच देत होती मी."

माणिकबाईचे हात थांबले नाहीत. बराच वेळ थांबले नाहीत, हे तिचं श्रेय तिला द्यायलाच हवं. घामाघूम झाली, केस सुटले, तरी ती दाबत राहिली. मग हळूहळू तिनं हात काढून घेतला आणि दुपटं ओढून शकुनच्या अंगावर घातलं, तोंडावरून.

जयवंता जमिनीवर बसली होती. मडमेच्या हातातलं बाळ गोंधळानं जागं झालं होतं आणि आता भुकेनं किंचाळत होतं. ते किंचाळलं तशी जयवंताची चोळी भिजली. तिनं दोन्ही हात छातीवर दाबून धरले, तरी दूध बोटांमधून येत राहिलं. आग लागो त्या दुधाला, असं तिला वाटलं. काल संध्याकाळी हेच दूध शकुनच्या ओठांवरून वाहून गेलं होतं.

खुशालराव पडदा सारून आत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं मडमेच्या हातातून बाळ घेतलं, आणि जयवंताच्या मांडीवर ठेवलं. माणिकबाई पुढं झाली, पण बाळानं तोवर पदराखाली तोंड घातलं होतं. जयवंतानं त्याला ढकललं नाही आणि जवळही धरलं नाही. ते आपलं आपणच पिऊ लागलं, आणि ती टेबलाकडं बघत राहिली.